झोन आला, पुढे काय?

वनस्पतींच्या अर्काने जिवाणूंची वाढ थांबते का, हे तपासण्याच्या कामात बरीच वर्षे गेली की एक प्रश्न कानांच्या सवयीचा होतो: ‘झोन आला का?’ रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या प्लेटा सकाळी बाहेर काढल्या जातात. आगरावर जिवाणूंचा धुरकट थर चढलेला असतो आणि अर्क भरलेल्या खळग्याभोवती स्वच्छ गोल, म्हणजेच झोन, दिसला की सगळ्यांचे चेहरे खुलतात. हिंगोली जिल्ह्यातल्या, किंबहुना सगळ्या मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे आणि वनस्पतिशास्त्राचे कितीतरी प्रकल्प आणि प्रबंध या गोलावर उभे राहिले आहेत. या कामाने मला शिकवले ते थोडक्यात असे, की गोल मिळवणे हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि आपण बहुतेक वेळा तिथेच थांबतो. गोल दिसल्यावर विचारायचे काही प्रश्न असतात. ते विचारले तर तालुक्याच्या गावातली साधी प्रयोगशाळाही जगाला उपयोगी पडेल असे काही सांगू शकते. ते टाळले तर हाती फक्त मिलिमीटरचे तक्ते उरतात.

हे काम आपल्याकडे इतके का रुजले, याची कारणे समजण्यासारखी आहेत. त्याला महागडे यंत्र लागत नाही. ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, अर्क काढायचे एक सॉक्सलेट उपकरण, थोडे मिथेनॉल आणि आगर एवढ्यावर सुरुवात होते. झाडपाला तर दारात आहे. बांधावर कडुनिंब आणि बाभूळ, पडीक रानात टाकळा, आघाडा, रुई, एकदांडी, कुंपणावर गुळवेल, औंढा-कळमनुरीकडच्या डोंगराळ भागात पळस आणि बेल. त्या भागातल्या आंध समाजाकडे आणि गावोगावच्या जाणत्यांकडे कोणता पाला कोणत्या जखमेवर लावायचा याची माहिती आहे. शिवाय गरज खरी आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. नवी औषधे हवी आहेत, ती वनस्पतींत सापडू शकतात आणि वनस्पती आपल्याकडे आहेत, ही साखळी बरोबरच आहे. तिची कच्ची कडी पुढे आहे, पुराव्याच्या मोजमापात.

चाचणीची पद्धत समजून घेतली की ही कच्ची कडी दिसते. म्युलर-हिंटन आगर साधारण चार मिलिमीटर जाडीचे ओततात. जिवाणूंचे द्रावण मॅकफार्लंडच्या अर्ध्या मापाइतके गढूळ करतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे १५ कोटी जिवाणू येतात. ते स्वॅबने सगळीकडे सारखे पसरवतात, मग खळगा पाडून त्यात अर्क भरतात आणि ३७ अंशांना रात्रभर ठेवतात. शेजारी तुलनेसाठी प्रतिजैविकाची चकती असते. आता साधा हिशेब करू. अर्काचे प्रमाण मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असेल आणि खळग्यात १०० मायक्रोलिटर भरले, तर तिथे १० मिलिग्रॅम अर्क गेला. जेंटामायसिनच्या प्रमाणित चकतीत औषध असते १० मायक्रोग्रॅम. म्हणजे अर्क हजारपट. तरीही निष्कर्षात वाक्य येते की अमुक पाल्याचा परिणाम जेंटामायसिनच्या जवळपास जाणारा आढळला. एक माल पोत्याने मोजायचा आणि दुसरा गुंजेने, आणि मग दोन्हींचा भाव सारखा सांगायचा, असा हा व्यवहार होतो. यावर कुणी म्हणेल, की अर्क हे मिश्रण आहे, त्यात प्रभावी द्रव्य शंभरात एखादाच भाग असेल, मग ही तुलना अन्यायाची नाही का? हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर ते द्रव्य वेगळे करून मोजण्यात आहे. ते न करता तुलना मात्र करायची, हे चालणार नाही.

गोलाचा व्यास आणखीही काही गोष्टी झाकतो. द्रव्य आगरातून किती पसरते यावर व्यास अवलंबून असतो आणि पसरणे हे ताकदीपेक्षा वेगळे आहे. व्हँकोमायसिन हे गंभीर संसर्गात वापरले जाणारे औषध आहे. पण त्याचा रेणू मोठा असल्याने ते आगरात सावकाश सरकते, आणि म्हणून स्टॅफिलोकॉकस जिवाणूंसाठी त्याची चकतीची चाचणी विश्वासार्ह धरत नाहीत. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे त्याचा गोल लहान येतो आणि पिवळ्या डागाने त्याची कडही नीट वाचता येत नाही. उलट दिशेचीही फसगत होते. चिंच किंवा लिंबाच्या अर्काचा मोठा गोल निव्वळ आंबटपणाने येऊ शकतो. तेवढ्याच सामूचे साधे आम्ल शेजारच्या खळग्यात ठेवल्याशिवाय श्रेय कोणाचे ते कळत नाही. हिरडा, बाभळीची साल, डाळिंबाची साल यांत टॅनिन भरपूर असते. टॅनिन भेटेल त्या प्रथिनाला चिकटते, म्हणून प्लेटेवर हे अर्क हमखास जिंकतात. त्यांचा बाहेरून लावण्यासाठी उपयोग असेलही, पण रक्तात जाऊन नेमक्या जिवाणूला गाठणारे औषध म्हणून तो गोल काहीच सिद्ध करत नाही. मिथेनॉल पूर्ण उडाले नसेल किंवा डीएमएसओ जास्त पडले असेल तर गोल विद्रावकाचाही असू शकतो. म्हणूनच नुसत्या विद्रावकाचा खळगा हा प्लेटेवरचा सगळ्यात महत्त्वाचा खळगा आहे. प्रकाशित तक्त्यांत नेमका तोच अनेकदा गाळलेला दिसतो.

या कामाला खरे वळण मिळते ते व्यास मोजणे सोडून ‘एमआयसी’ काढायला सुरुवात केल्यावर. जिवाणूंची दिसणारी वाढ थांबवणारे कमीत कमी प्रमाण म्हणजे एमआयसी. छोट्या छोट्या खळग्यांच्या ताटलीत अर्क निम्म्या-निम्म्याने पातळ करत न्यायचा आणि वाढ कुठे सुरू होते ते पाहायचे. रेझाझुरिनसारखा रंग टाकला तर जिवंत जिवाणू तो निळ्याचा गुलाबी करतात आणि वाचन सोपे होते. मात्र गडद किंवा फिनॉलयुक्त अर्क स्वतःच या रंगाशी खेळतात, त्यामुळे इथेही जिवाणू न घातलेला, फक्त अर्क असलेला खळगा हवाच. वनस्पतिजन्य द्रव्यांच्या चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या रियोस आणि रेसियो या स्पॅनिश संशोधकांनी २००५ साली एक व्यवहार्य सीमा सुचवली: कच्चा अर्क मिलिलिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, आणि १०० मायक्रोग्रॅमच्या खाली परिणाम दिसला तरच तो लक्ष देण्याजोगा मानावा. ही चाळणी लावली की प्लेटेवर ‘प्रभावी’ ठरलेल्या नावांपैकी बरीच गळून पडतात. ते पाहणे जड जाते, पण उरलेली थोडी नावे पुढचे कष्ट घेण्याच्या लायकीची असतात. आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: स्टॅफिलोकॉकस किंवा बॅसिलस दबतात, पण ई. कोलाय आणि विशेषतः स्यूडोमोनास दाद देत नाहीत. या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असते आणि आत शिरलेले द्रव्य बाहेर फेकणारे पंपही असतात. जे औषध शोधायचे आहे त्याची खरी परीक्षा इथे आहे, पण अहवालाच्या मथळ्यात मात्र स्टॅफिलोकॉकसवरचा सोपा विजय जातो.

हिंगोलीत राहून या प्रश्नाचा विचार करायचा तर हळदीला वगळता येत नाही. जिल्ह्यातल्या वसमत परिसराची ओळखच हळदीची आहे. वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि हळदीसाठीचे संशोधन व प्रशिक्षण केंद्रही वसमतलाच उभे राहिले. कर्क्युमिन जिवाणूंना रोखते, हे १९४९ साली ‘नेचर’मध्ये छापून आले होते. त्यानंतर इतकी दशके गेली, हजारो निबंध झाले, तरी कर्क्युमिनचे प्रतिजैविक काही आले नाही. याचे कारण २०१७ साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’तल्या एका सविस्तर लेखाने स्पष्ट मांडले. हा रेणू अस्थिर आहे, शरीरात फार थोडा शोषला जातो आणि अनेक चाचण्यांत खोटी सक्रियता दाखवतो. शरीराच्या तापमानाला, प्रथिने नसलेल्या साध्या द्रावणात त्याचा बहुतांश भाग अर्ध्या तासात विघटित होतो. निळ्या प्रकाशात तो जिवाणूंना जास्त मारक ठरतो, म्हणजे प्लेट अंधारात ठेवली की खिडकीजवळ, यानेही निकाल बदलू शकतो. हे सगळे वाचून हळदीचे महत्त्व कमी झाले असे मानायचे कारण नाही. यातून आपल्या जिल्ह्यासाठी नेमके प्रश्न मिळतात. शिजवण्याआधीच्या आणि शिजवून वाळवलेल्या हळदीत फरक किती पडतो, पॉलिश करताना निघणाऱ्या भुशीत काय शिल्लक असते, काढणीच्या वेळी शेतातच पडून राहणाऱ्या पानांतल्या तेलाची एमआयसी किती, एकाच वाणाच्या दोन शेतांतल्या मालात कर्क्युमिन किती वेगळे निघते. ‘हळद जिवाणू मारते’ हे पुन्हा एकदा सिद्ध करण्यापेक्षा यांतल्या एका प्रश्नाचे खरे उत्तर शेतकऱ्याच्या जास्त कामाचे आहे.

सगळ्यात जोरकस आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. पिढ्यान्‌पिढ्या लोक वापरत आले आहेत, मग प्लेटेने काय ठरवायचे? परंपरेबद्दल मला पूर्ण आदर आहे आणि म्हणूनच वाटते, की तिची चाचणी तिच्या स्वतःच्या शब्दांवर व्हायला हवी. जाणता माणूस सांगतो ताज्या पाल्याचा रस, काढा, तेलात कढवलेला लेप. आपण पाला वाळवून मिथेनॉलमध्ये उकळतो आणि निकाल परंपरेच्या नावावर लिहितो. कृती बदलली की द्रव्य बदलते. चीनमधल्या तू युयू यांच्या चमूला हिवतापावर वापरायच्या वनस्पतीचा परिणाम कधी दिसायचा, कधी नाही. जुन्या ग्रंथात पाला उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून पिळायला सांगितले होते, तिकडे त्यांचे लक्ष गेले. मग कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ च्या नोबेलमागे असे बारकाईचे वाचन होते. दुसरी बाब लेखी नोंदीची. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. घरोघरी हळद लावतात, हे सांगून ते रद्द झाले नाही. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय निबंध असा छापील पुरावा मांडावा लागला. परंपरेचा अभिमान असेल तर तिची नोंद काटेकोर ठेवणे हेच तिचे रक्षण आहे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि गावागावांत लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची तरतूद त्याखाली आहे. ज्यांच्याकडून पाल्याची माहिती घेतली त्यांच्या गावाच्या नोंदवहीत निष्कर्ष परत पोचवणे, हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.

याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी मांडली जाते, की द्रव्ये वेगळी केली तर वनस्पतीची एकत्र ताकद हरवते. हे खोटे नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००० साली दाखवले, की जिवाणूंना रोखणारे बर्बेरिन बनवणाऱ्या काही वनस्पती सोबतच आणखी एक द्रव्य बनवतात. ते एकटे जिवाणूंना काही करत नाही, पण स्टॅफिलोकॉकसचा पंप बंद पाडते आणि मग बर्बेरिन आत टिकून काम करते. पण हे कळले कसे, ते पाहावे. दोन्ही द्रव्ये वेगळी करून, आधी एकेकटी आणि नंतर एकत्र मोजल्यावरच कळले. एकत्र ताकदीचा दावा मोजमापातून सुटका देत नाही, उलट ते अधिक मागतो. तसेच वनस्पतीच्या ओळखीचे. कोरोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे २०२१ साली नोंदवले. त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की रुग्णांनी घेतलेली वेल नेमकी कोणती होती, हे तपासलेच नव्हते. कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवला तरी वनस्पतीचा वाळवलेला, नोंदवलेला नमुना जवळ नसेल तर कोणत्याही बाजूचा युक्तिवाद अधुरा राहतो, हे त्यातून दिसते. डॉ. व्ही. एन. नाईक यांचे १९९८ चे ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हाताशी आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रादेशिक केंद्र आहे. ओळख पटवून न घेण्याला सबब नाही.

मग प्रश्न येतो साधनांचा. जिल्ह्यातल्या महाविद्यालयात ना द्रव्ये वेगळी करून मोजणारे एचपीएलसी यंत्र, ना पुरेसा निधी, वीज कधी जाईल सांगता येत नाही, उन्हाळ्यात खोलीच चाळिशी ओलांडते. अशा ठिकाणी हे सगळे कसे जमणार? या अडचणी खऱ्या आहेत. पण वर सांगितलेल्या उणिवांची यादी पुन्हा पाहिली तर त्यांतल्या बहुतेकांना पैसा लागत नाही. विद्रावकाचा खळगा, सामू मोजणे, आगराची जाडी सारखी ठेवणे, तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी प्रयोग करणे, पाला कोणत्या महिन्यात कुठून आणला ते लिहिणे, इन्क्युबेटर किती वेळ बंद पडला याची नोंद करणे, यासाठी वही आणि शिस्त पुरते. प्रमाणित जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातून किंवा चंदीगडच्या अशाच संग्रहातून मागवता येतात. कुठून आले माहीत नसलेले कल्चर वर्षानुवर्षे एका नळीतून दुसरीत फिरवत बसण्यापेक्षा ते परवडते. वापरलेल्या प्लेटा १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाऊ न देणे हेही याच शिस्तीत येते, कारण रोगजंतू वाढवणाऱ्या विभागाची पहिली जबाबदारी आपल्या गावाच्या आरोग्याची आहे. पुढच्या पायरीची यंत्रे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या ठिकाणी भागीदारीत वापरता येतील, पण तिथे नेण्याजोगा अर्क आधी इथे निवडला गेला पाहिजे.

आणखी एक अडचण मात्र मनाची आणि व्यवस्थेची आहे. विद्यार्थ्याला ठरल्या वेळेत प्रकल्प पुरा करायचा असतो आणि २०१० च्या यूजीसी नियमावलीनंतर शिक्षकाच्या बढतीत निबंधांना गुण आले. ‘झोन आला नाही’ हा निकाल छापायला कोणी उत्सुक नसते, म्हणून तो वहीतच राहतो आणि दोन वर्षांनी शेजारच्या तालुक्यात तोच पाला पुन्हा नव्याने तपासला जातो. नकारात्मक निकाल लपला की प्रत्येक पिढी तेच श्रम पुन्हा करते. यावर माझ्या मते एकच व्यवहार्य उपाय आहे: जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी मिळून एक सामायिक नोंदवही ठेवावी. तपासलेली प्रत्येक वनस्पती, तिचा भाग, महिना, विद्रावक, एमआयसी आणि ‘परिणाम नाही’ हे उत्तरसुद्धा त्यात असावे. तिला गुण मिळणार नाहीत, पण ज्ञान साठत जाईल.

इतके करून औषध सापडेल का? बहुधा नाही, आणि हे विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. पेनिसिलिनचेच पाहा. फ्लेमिंगने बुरशीभोवतीचा गोल पाहिला १९२८ मध्ये. ऑक्सफर्डच्या चमूने आठ उंदरांना जिवाणू टोचून त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिले, ते मे १९४० मध्ये. भारतात ते बनवण्यासाठी पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती १९५४ साली. त्या अंतरात शुद्धीकरण, विषारीपणाच्या चाचण्या, प्राणी, रुग्ण, उत्पादन असा कितीतरी हातांचा प्रवास आहे. मग तालुक्याच्या प्रयोगशाळेने यात कशाला पडावे, असे विचारले तर माझे उत्तर ठाम आहे. १९६६ साली बाउअर आणि कर्बी यांनी पक्की केलेली चकतीची हीच पद्धत आज रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे ठरवायला वापरतात. आपल्याकडे पळसाच्या अर्काचा गोल मोजायला शिकलेला विद्यार्थी उद्या हिंगोलीत, परभणीत किंवा नांदेडला कुणाच्या तरी रक्ताच्या, लघवीच्या कल्चरचा गोल मोजणार आहे. आगराची जाडी, जिवाणूंची दाटी, कंट्रोलची खात्री यांत त्याने इथे ढिलाई पाहिली असेल तर ती तो तिथेही नेईल आणि तिची किंमत रुग्ण मोजेल. म्हणून अर्काच्या प्रत्येक प्लेटेवर विद्रावकाचा खळगा असलाच पाहिजे आणि प्रत्येक प्रकल्पात एमआयसी मागितलीच पाहिजे. निकाल ‘नाही’ असेल तर तो ‘नाही’ असाच, पूर्ण गुण देऊन स्वीकारला पाहिजे. एवढे करणे आपल्या हातात आहे आणि त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.